युनूस पेंटर आणि वाहतं पान

युनूसभाऊ गेल्याची बातमी मी संगणकाच्या पडद्यावर वाचली. वर माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या बाळाच्या बारशाचा फोटो होता, खाली कुणीतरी नवी मोटारसायकल घेतल्याचं लिहिलं होतं, आणि या दोन्हींच्या मधे त्यांच्या नागपूरच्या भाच्यानं इंग्रजी अक्षरांत लिहिलेली मराठी ओळ होती : आमचे युनूसमामा आज सकाळी आपल्याला सोडून गेले. मी चंद्रपूरला, शाळेतून नुकतीच घरी आलेले, खांद्यावरची पर्सही उतरवली नव्हती. वाचलं ते खरंच का, म्हणून ते पान पुन्हा उघडलं, तर तेवढ्यात वर काहीतरी नवं येऊन ती ओळ बोटभर खाली सरकली होती... थोड्या वेळानं त्यांच्या मुलीचा, शबानाचा फोन आला. शबाना माझी विद्यार्थिनी. तिनं रडत रडत विचारलं, तुमाले समजलं काय बाई, कोणी सांगतलं? मी म्हटलं, कुणी सांगितलं नाही गं, त्या पानावर दिसलं. ती रडता रडता थांबली. मग म्हणाली, "अब्बाले हे सांगा लागलं असतं. त्याईले लय नवल वाटलं असतं."

शबाना बरोबर बोलली. नवल वाटणं हा त्या माणसाचा स्वभावच होता.

मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाहीला शिक्षिका म्हणून रुजू झाले ते नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला. बसस्टँडच्या रस्त्यावर 'युनूस पेंटर' अशी ठसठशीत पाटी असलेलं एक दुकान होतं आणि गावातली जवळजवळ प्रत्येक पाटी त्या दुकानातून निघालेली होती. किराणा, खताची दुकानं, दवाखाना, आमची शाळा, सगळीकडे त्यांचंच अक्षर. आमच्या मोहल्ल्यातल्या बुद्धविहाराची पाटीही त्यांनीच रंगवली. त्या वेळी मजकूर घेऊन मी गेले होते. निळा रंग मनासारखा लागेना म्हणून ते पुन्हा पुन्हा मिसळत राहिले आणि शेवटी मला उन्हात उभं करून विचारलं, हा चालते काय, तुमच्या झेंड्याचा हाच ना? तिथून ओळख झाली. पाटी टांगून झाली की ते रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहायचे. जाणारा येणारा मान वर करतो का, ओठ हलवतो का, ते पाहायचे. एखादा म्हातारा एकेक अक्षर जुळवत वाचू लागला की यांचा चेहरा असा काही व्हायचा, की वाटावं, पाटी यांनी नाही, दुसऱ्याच कुणी रंगवली आहे आणि हे पहिल्यांदाच पाहताहेत.

त्यांचं खरं काम मात्र हिवाळ्यात असायचं. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानाच्या मुलखात, धान घरात आलं की नाटकं सुरू होतात. गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते, पाहुणे येतात आणि मोठाल्या मंडपात हजारो माणसं सकाळपर्यंत नाटक पाहतात. बाहेरच्या लोकांना हे सांगितलं तर खोटं वाटतं. या नाटकांचं केंद्र असलेल्या वडशाच्या नाटक मंडळींचे फलक युनूसभाऊ रंगवायचे. नाटकाचं नाव, गाव, आणि नटीचं नाव सगळ्यांत मोठं, लाल अक्षरांत, पिवळी कड देऊन. त्या काळी सगळ्यांत मोठं नाव असायचं ते कमलाबाई गेडाम यांचं. सावली तालुक्यातल्या एका खेड्यातून आलेली ही बाई रंगमंचावर उभी राहिली की मंडपातली शेवटची रांगसुद्धा श्वास धरून बसायची. युनूसभाऊ सांगायचे, तिचं नाव लिहिताना माझ्या हातानं ब्रश आपोआप जाड घेतला जाते.

मग फ्लेक्स आलं. चंद्रपूरला छपाईचं यंत्र बसलं आणि ज्या पाटीला चार दिवस लागत ती चहा पिऊन होईपर्यंत निघू लागली. वर्षा-दोन वर्षांत युनूसभाऊंच्या दुकानातले रंगाचे डबे वाळून गेले. त्यांच्यासारखे आणखी दोघं पेंटर होते, त्यातला एक कोळसा खाणीत कामाला लागला, दुसरा दारूला. युनूसभाऊ चंद्रपूरला ते यंत्र पाहायला गेले. दिवसभर दुकानदाराच्या परवानगीनं तिथंच उभे राहिले. परत आल्यावर मला भेटले, तेव्हा मला वाटलं होतं, शिव्या देतील. ते म्हणाले, "बाई, त्यातून माणसाचा चेहरा निघते. डोळ्यातली चमक निघते. कोणं बनवलं असंन ते?" मला त्या वेळी त्यांचा थोडा रागच आला. पोट मारणाऱ्या यंत्राचं कौतुक कसलं करता? पण आज कळतं, की त्या कौतुकानंच त्यांना तारलं. ज्याचं नवल वाटतं त्याची भीती वाटत नाही. ते संगणक शिकले. पन्नाशीजवळ आलेला माणूस, शबानाच्या वयाच्या पोरांसोबत वर्गात बसला. आणि त्याच दुकानात, जुन्या पाटीखाली, त्यांनी नेट कॅफे सुरू केला.

माझं पहिलं ईमेलचं खातं त्यांनीच उघडून दिलं. टेलिफोनच्या तारेवरून जोडणी व्हायची, खरखर आवाज यायचा, आणि एक पान उघडायला इतका वेळ लागायचा की तोवर बाजूच्या टपरीवरून चहा येऊन संपायचा. युनूसभाऊ त्या वेळात गिऱ्हाइकाच्या खुर्चीमागे उभे राहून पान वरून खाली उमटताना पाहायचे. पुढे त्यांनी सिंदेवाहीची वेबसाइट केली. मजकूर मी लिहिला. बसचं वेळापत्रक, गावाचा इतिहास, धान संशोधन केंद्राची माहिती, आणि हिवाळ्यात कुठल्या गावी कुठलं नाटक. अडचण एकच होती. मराठी अक्षरं आमच्या संगणकावर नीट दिसायची, पण दुसऱ्याच्या संगणकावर चौकोन आणि किडेमुंग्या उमटायच्या. यावर त्यांनी जो उपाय केला तो मी जन्मभर विसरणार नाही. वाळलेल्या डब्यांच्या जागी नवे डबे आणले, ब्रश भिजवले, आणि वेबसाइटचं प्रत्येक शीर्षक जाड कागदावर हातानं रंगवलं. मग ते कागद स्कॅन करून पानांवर चिकटवले. त्यामुळे जगात कुठंही उघडा, सिंदेवाहीची वेबसाइट युनूस पेंटरच्या अक्षरातच दिसायची. त्यांच्या दृष्टीनं ती पाटीच होती. रंगवायची, टांगायची, आणि कुणी येऊन वाचतं का ते पाहायचं. येणारे फार नव्हते, पण होते. पुण्यात कामाला गेलेली पोरं नाटकाच्या तारखा पाहून सुट्टी टाकायची.

दोन हजार सात-आठच्या सुमारास कॅफेतली पोरं बदलली. आधी ती एखादा पत्ता टाइप करून कुठंतरी जायची. आता ती एकच पान उघडून बसू लागली. ओळखीपाळखीच्या लोकांची ती साइट होती. तिच्यावर मित्र जोडायचे, फोटो लावायचे, एकमेकांच्या भिंतीवर लिहायचं. इथवर युनूसभाऊंना त्याचं काही वाटत नव्हतं, पोरांची बडबड म्हणून सोडून द्यायचे. पण मग त्या साइटच्या पहिल्याच पानावर एक रांग वाहू लागली. अमक्यानं फोटो लावला, तमक्यानं त्यावर लिहिलं, हा त्याचा मित्र झाला, ती नागपूरला पोहोचली. कुणाकडे जावं लागत नव्हतं. सगळ्यांचं सगळं आपल्यासमोरून जात होतं, आणि सारखं जात होतं. एका रविवारी मी कॅफेत गेले तर युनूसभाऊ एका रिकाम्या संगणकासमोर बसलेले. हात मांडीवर, काही टाइप करत नव्हते. मला म्हणाले, "बसा बाई, पाहा. आता कोणी कुठी जात नाई. माणूस जागीच बसून राह्यते अन् सारं त्याच्यासमोरून जाते." त्यांच्या वेबसाइटवर येणाऱ्यांचा आकडा तेव्हा घसरत चालला होता, हे मला माहीत होतं. त्यांनाही माहीत होतं. दुसऱ्यांदा एक यंत्र त्यांच्या पाट्या उतरवत होतं आणि दुसऱ्यांदा हा माणूस त्याच्यासमोर डोळे मोठे करून बसला होता.

त्याच वर्षी हिवाळ्यात ते सावलीला एका लग्नाला गेले आणि तिथं त्यांना कळलं की कमलाबाई गेडाम जवळच्याच खेड्यात पुतण्याकडे राहतात. ते भेटायला गेले. बाई खाटेवर बसून होत्या. गुडघे गेलेले, एका डोळ्याला कमी दिसत होतं. नाटक सुटून बरीच वर्षं झाली होती. पुतण्या चांगला होता, खायला प्यायला कमी नव्हतं, पण बोलता बोलता बाई म्हणाल्या की मंडईच्या दिवसात लाउडस्पीकर ऐकू आला की मी कान झाकून घेतो. "कोणाले आठवण नाई भाऊ. चांगलंच हाये. आठवण राह्यली असती तर लोकं मले पाहाले आले असते, अन् मले असं पाह्यलं असतं." झाडीत बायकाही 'मी जातो, मी करतो' बोलतात, तशाच त्या बोलल्या. हे मला युनूसभाऊंनी सांगितलं.

सिंदेवाहीला येऊन त्यांनी पेटीतून एक जुना फोटो काढला. त्यांच्याच एका फलकाचा तो फोटो. लाल अक्षरात, पिवळ्या कडेचं कमलाबाईंचं नाव. तो स्कॅन करून त्यांनी त्या वाहत्या पानावर लावला आणि खाली लिहिलं : ही पाटी कोणाले आठवते काय? त्यांचे स्वतःचे तिथले मित्र म्हणजे कॅफेतली काही पोरं, भाचा आणि मी. मी लिहिलं, मला आठवते. भाच्यानं लिहिलं. मग भाच्याचा एक मित्र होता सुरतला, त्याला दिसलं की भाच्यानं कशावर तरी लिहिलं. त्यानं ते उघडून पाहिलं, आणि त्याला त्याच्या आईच्या मांडीवर बसून पाहिलेलं नाटक आठवलं. त्यानं लिहिलं, म्हणून त्याच्या हैदराबादच्या मित्राला दिसलं. हैदराबादहून मस्कतला, मस्कतहून पुन्हा गडचिरोलीला... दुसऱ्या दिवशी दुपारी युनूसभाऊंनी मला शाळेत फोन केला. इतक्या वर्षांत त्यांनी शाळेत फोन कधी केला नव्हता. म्हणाले, सुटी झाली की या.

गेले तर खाली ओळींची माळ लागलेली. कुणी लिहिलं होतं, बाईंचा मृत्यूचा प्रवेश पाहून माझे वडील रडले होते, मी त्यांना रडताना तेव्हाच पाहिलं. कुणी लिहिलं होतं, आम्ही बैलगाडीत झोपून गावी परतायचो आणि आजी वाटेत त्यांचे संवाद म्हणायची. युनूसभाऊ बोटानं एकेक नाव दाखवत होते. "ह्याले मी वळखत नाई. ह्यालेबी नाई. मी याईले कोणालेच सांगतलं नाई बाई. एकानं पाह्यलं, ते दुसऱ्याले दिसलं. बस, इतकंच. पाटीसमोर एक माणूस थांबला, म्हून मस्कतमंधला माणूस थांबला." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. आपण काहीतरी फार मोठं पाहतो आहोत आणि त्याचा अंत दिसत नाही, असं त्यांच्याकडे पाहून मलाही वाटलं. पुरातली वैनगंगा पुलावरून पाहताना वाटतं तसं.

कमलाबाईंना हे सांगून पटणार नव्हतं. युनूसभाऊ एका ओळखीच्या माणसाची जीप घेऊन सावलीकडे गेले आणि मूल गावावरून त्यांना सिंदेवाहीला घेऊन आले. बाई कॅफेच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या. त्यांना वाचता येत होतं, पण पडद्यावरची अक्षरं दिसत नव्हती, शिवाय निम्मं इंग्रजी अक्षरांत. शबाना वाचू लागली. पहिल्या काही ओळी बाईंनी मान खाली घालून ऐकल्या. मग शबाना मधेच थांबली आणि म्हणाली, थांबा, ही एक आत्ता आली. बाईंनी मान वर केली.

"आत्ता लिवली?"

"आत्ताच, आजी."

"म्हणजे तो माणूस आत्ता बसून हाये तिथी?"

युनूसभाऊ म्हणाले, हो, बसून हाये. बाईंनी पदर नीट केला. पाठ सरळ झाली. एवढं वय, एवढे दुखरे गुडघे, पण त्या खुर्चीवर क्षणात दुसरीच बाई बसली होती. त्यांनी विचारलं, मी त्याईले दिसून राह्यलो काय? युनूसभाऊंनी सांगितलं की नाही, फक्त अक्षरं दिसतात.

"मंग लिवा," त्या म्हणाल्या, "कमला जित्ती हाये."

युनूसभाऊंनी ते टाइप केलं आणि नेमकी लाइट गेली. त्या दिवसांत आमच्याकडे लोडशेडिंग म्हणजे रोजचं होतं, आणि बॅटरी होती ती कधीचीच बसलेली. पडदे काळे झाले. मी हळहळले, शबाना चिडली. कमलाबाई मात्र शांत. नाटकाच्या ऐन प्रवेशात जनरेटर बंद पडला की कंदील येईस्तोवर कसं जागेवरच उभं राहायचं, ते त्या आम्हाला सांगत बसल्या. प्रेक्षक उठत नाहीत, फक्त आपण हलायचं नाही. लाइट आली तेव्हा उन्हं उतरली होती. संगणक सुरू झाला, तारेनं खरखर केली, पान उघडलं... आणि शबाना पडद्याकडे वाकली. त्या एका वाक्याखाली इतक्या ओळी आल्या होत्या की पडदा खाली खाली सरकवला तरी संपत नव्हत्या. आमच्या गावात अंधार असताना, आम्ही कंदिलाच्या गोष्टी ऐकत असताना, कुठं कुठं माणसं ते वाक्य वाचून एकमेकांना सांगत होती. शबाना वाचत राहिली, बाई ऐकत राहिल्या. मधेच कधीतरी त्यांनी हात जोडले, पडद्याकडे, नाटक संपल्यावर जोडतात तसे, आणि बराच वेळ खाली केले नाहीत.

त्यानंतरच्या आठवड्यात युनूसभाऊंच्या एक गोष्ट ध्यानात आली. ते सगळं त्या पानावरून निघून गेलं होतं. पुसलं गेलं नव्हतं, पण शोधत शोधत खाली जावं लागत होतं, आणि खाली कुणी जात नव्हतं. वर रोज नवं येत होतं. ज्यानं त्या दिवशी पाहिलं नाही, त्याच्यासाठी ते घडलंच नव्हतं. इतकी माणसं जमली आणि इतक्या लवकर पांगली, हे त्यांना चमत्कारिक वाटलं. तक्रार नव्हती त्यात. मग त्यांनी ओस पडलेल्या आपल्या वेबसाइटवर एक नवं पान केलं, कमलाबाईंचं नाव पुन्हा एकदा जाड ब्रशनं रंगवलं, आणि लोकांनी लिहिलेलं सगळं एकेक करून तिथं आणून ठेवलं. मी विचारलं, तिथं तर कुणी येत नाही, मग? ते म्हणाले, येणाऱ्याले भेटलं पायजे ना. पुढे माझी चंद्रपूरला बदली झाली, पण दर सुट्टीत कॅफेत चक्कर असायचीच, आणि दर वेळी ते काहीतरी दाखवायला थांबलेले असायचे. कुणाचा हरवलेला वर्गमित्र सापडला, कुणाला रक्त मिळालं, कुणी कुणाशी उगाच भांडलं. सगळं सारख्याच अपूर्वाईनं दाखवायचे. शेवटचे भेटले ते या दिवाळीत. छातीत मधूनमधून दुखतं म्हणाले, आणि लगेच विषय बदलून मंडईच्या तारखांवर आले. यंदा पहिलं नाटक कुठलं, ते त्यांना सगळ्यांत आधी त्या पानावर टाकायचं होतं. दरवर्षी तेच टाकायचे... मंडईच्या आधीच झटका आला. चंद्रपूरच्या दवाखान्यात आणायची वेळही मिळाली नाही.

चाळिसाव्या दिवशी मी सिंदेवाहीला गेले. कमलाबाईही आल्या होत्या, पुतण्याच्या बायकोसोबत, एसटीनं. फातेहा झाला, जेवणं झाली, आणि दुपारी आम्ही तिघी कॅफेत जाऊन बसलो. शबाना आता तिथं बसते. तिनं वडिलांचं खातं उघडलं. तिथं मस्कतच्या त्या माणसाचा निरोप येऊन पडला होता. भाच्यानं लिहिलेली ओळ त्याच्यापर्यंत गेलीच नव्हती, ती त्याच्यासमोरून वाहिलीच नाही. त्यानं विचारलं होतं, युनूसभाऊ, नाटकं सुरू झाली असतील ना, यंदा काहीच टाकलं नाही तुम्ही?

शबानानं माझ्याकडे पाहिलं. कमलाबाई म्हणाल्या, "इचारून राह्यला ना तो, मंग सांग त्याले."

शबानानं पाहून पाहून टाइप केलं. पुढल्या आठवड्यात नवरगावला नाटक आहे, मंडप शाळेमागच्या पटांगणात. नाटकाचं नाव, मंडळाचं नाव, कलाकार. अब्बा लिहायचे त्याच क्रमानं. मग थोडं थांबून खाली आणखी एक ओळ लिहिली : अब्बा आता नाहीत, मी त्यांची मुलगी शबाना लिहितो आहे. बटण दाबलं आणि हात मांडीवर ठेवून ती बसून राहिली.

काही वेळ काहीच आलं नाही. मग मस्कतहून एक ओळ आली. मग सुरतहून. मग ज्यांची नावं आम्हाला कुणालाच माहीत नव्हती अशांच्या. शबानानं पहिल्या काही मोठ्यानं वाचल्या, पुढं तिला वाचवेना. कमलाबाईंना दिसत नव्हतं, तरी त्या पडद्याकडे तोंड करून ताठ बसल्या होत्या. बाहेर बसस्टँडवर गाड्या लागत होत्या, सुटत होत्या. पुतण्याच्या बायकोनं दारातून सांगितलं, सावलीच्या एसटीची वेळ झाली, ही गाडी चुकली तर मग संध्याकाळचीच. बाई म्हणाल्या, जाऊ दे तिले, लोकं येऊन राह्यले अजून.